खाऊच्या पैशांची वही
मुलगा ११ वर्षांचा होईपर्यंत आम्ही त्याला मागेल तेव्हा दहा-वीस रुपये देत होतो, त्यामुळे महिन्याला नेमके किती गेले हे कुणालाच सांगता येत नव्हते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरून मिळवलेला ३४० रुपयांचा बोजारा, म्हणजे लोकांनी दिलेले खाऊचे पैसे, त्याने नागपूरच्या सीताबर्डी बाजारात एका संध्याकाळी रिमोटच्या गाडीवर उडवला आणि ती गाडी तिसऱ्याच दिवशी बंद पडली, तेव्हा चूक आमची आहे हे मला कळले. त्यानंतर दर रविवारी, तर्री-पोहे खाऊन झाल्यावर, १०० रुपये सुट्या नोटांत देण्याचे ठरवले. मध्ये एक रुपयाही वाढवून द्यायचा नाही, ही अट पाळणे त्याच्यापेक्षा त्याच्या आजीलाच जड गेले. हिशेबाच्या वहीत पहिल्याच आठवड्यात ‘इतर – ४५’ अशी नोंद होती. मी रागावलो नाही, फक्त ‘इतर’ म्हणजे काय ते पुढच्या ओळीत लिहायला सांगितले. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाचे बचत खाते उघडून ते स्वतः चालवता येते, आणि त्यासाठी लागणारे किमान ५०० रुपये जमवायला त्याला नऊ आठवडे लागले. पासबुक आता तो माझ्याही हाती देत नाही.