नील बेटावर दोन रात्री : तयारीची यादी, सुरुवात ओहोटीपासून

अंदमानातल्या नीलला, म्हणजे आताच्या शहीद द्वीपला, दोन रात्रींसाठी जायचं असेल तर विमानाचं भाडं बघायच्याही आधी त्या तारखांची भरती-ओहोटी बघा. बाकीची यादी खाली येतेच आहे, पण त्यातलं बहुतेक सगळं विसरलं तरी तिथे मिळतं किंवा निभावून नेता येतं. ओहोटीची वेळ हुकली की पैसे टाकून परत मिळत नाही. मागच्या वेळी आमचं नेमकं तेच बघायचं राहिलं होतं, आणि आता घरातली दुसरी मंडळी निघालीयेत म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

का एवढं, ते आधी सांगते. नीलवर बघायचं जे आहे ते जवळजवळ सगळं पाण्याच्या पातळीवर चालतं. लक्ष्मणपूर दोन नंबरच्या किनाऱ्यावर तो दगडाचा नॅचरल ब्रिज, म्हणजे नैसर्गिक कमान, आहे, फोटोत बघितला असेल, लोक हावडा ब्रिज पण म्हणतात. तिथे पोचायचा रस्ता म्हणजे मेलेल्या प्रवाळाचे खडक, आणि ते फक्त ओहोटीला उघडे पडतात. खरी मजा त्या कमानीपेक्षा वाटेतल्या खळग्यांत असते. समुद्र मागे हटला की खडकांत गुडघाभर किंवा वीतभर पाणी साचून राहतं आणि त्यात समुद्रकाकडी, काळ्या काट्यांचे सी अर्चिन, खेकडे, छोटे निळे मासे, नशीब असेल तर ऑक्टोपस, असं सगळं अडकलेलं दिसतं. तिथली गाईड पोरं वाकून एकेक दाखवत नेतात. आम्ही पोचलो तेव्हा भरती चढत होती, कमानीच्या पायाशी लाटा, खळगे सगळे पाण्याखाली, आणि गाईडने लांबूनच हात हलवून नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळची बोट होती. म्हणजे राहिलं ते राहिलंच.

भरतपूरच्या किनाऱ्यावर उलटं. तिथे प्रवाळ अगदी किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात आहे, त्यामुळे स्नॉर्कलिंगला (तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघत पोहायला) पाणी बऱ्यापैकी भरलेलं पाहिजे. ऐन ओहोटीला गेलात तर पोट खरवडेल आणि पाय टेकायला जागा शोधताना जिवंत प्रवाळावरच उभे राहाल. ते प्रवाळ वर्षाला मोजक्या सेंटीमीटरने वाढतं, तुमच्या एका पायाखाली कित्येक वर्षांचं काम मोडतं. म्हणून ब्रिज ओहोटीला, भरतपूर भरतीकडे, आणि दोन्ही उजेडात. दोन रात्रींत हे दोन्ही बसवायचं तर भरती-ओहोटीच्या वेळांचं टेबल समोर घेतल्याशिवाय जमत नाही.

आता बघायचं कसं. पोर्ट ब्लेअरचं टेबल घ्या, नील तिथून चाळीस किलोमीटरच्या आतच आहे, तेवढा फरक चालतो. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर मिळतं, सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी छापतं, मोबाइलवर ढीगभर अॅप आहेत. अॅपमध्ये वेळ भारतीय आहे ना ते तपासा, काहींत ग्रीनिच वेळ असते आणि साडेपाच तासांनी सगळं उलटंपालटं होतं. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे तारखा चार दिवस इकडेतिकडे केल्या की ओहोटी तीन तासांहून जास्त सरकली. हेच सगळ्यात कामाचं आहे, म्हणून तारखा पक्क्या करायच्या आधी बघा म्हणतेय, नंतर बघून काय करणार.

कोकणातल्या लोकांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ते आपल्या किनाऱ्यासाठी आहे, बंगालच्या उपसागरात तो हिशोब लावू नका. पण उधाण आणि भांग मात्र सगळीकडे तेच. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खाली उतरतं, तिकडे दीड-दोन मीटरपर्यंत फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. त्यामुळे टेबलात नुसती वेळ बघून थांबू नका, शेजारी मीटरमध्ये उंची लिहिलेली असते तीही बघा. ओहोटी म्हणून लिहिलंय पण पाणी फारसं उतरतच नाहीये असे दिवस असतात, तेव्हा ब्रिजकडची वाट अर्धी पाण्यात राहते. शक्य असेल तर पौर्णिमा किंवा अमावस्या आणि तिच्यानंतरचे दोन-तीन दिवस धरा.

आणि उजेड. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. अंदमान खूप पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात तिथे पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, मुंबईत तेव्हा अजून तासभर ऊन असतं. म्हणजे टेबलात ओहोटी संध्याकाळी सहाला दिसली तर ती अंधारात गेली, आणि त्याच्या आधीची पहाटे साडेपाचच्या आसपास, तीही जेमतेम उजाडताना. असे दिवस टाळा. सकाळी सात ते दुपारी तीनच्या मधली ओहोटी सगळ्यात उत्तम, आणि ओहोटीच्या वेळेच्या निदान तासभर आधी लक्ष्मणपूरला हजर राहा, कारण पाणी परत चढायला लागलं की खळगे भराभर भरतात आणि परतीची वाट तीच असते.

पॅकेज घेत असाल तर त्यांच्या कागदावर 'दुपारी जेवण, नंतर नॅचरल ब्रिज' असं छापलेलं असेल. ते सगळ्यांना, सगळ्या तारखांना तसंच छापलेलं असतं. फोन करा, विचारा की आमच्या तारखेला ओहोटी किती वाजता आहे आणि तुम्ही आम्हाला किती वाजता नेणार आहात. उत्तर देताना चाचपडले तर तुम्हीच वेळ सांगा आणि बदलून घ्या. लाजू नका.

ऋतू : डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मान्सून तिथे पोचतो, आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उपसागरात वादळं होतात. तेव्हा स्वस्त मिळतं हे खरं पण बोटी रद्द होतात, आणि छोट्या ट्रिपमध्ये एक बोट रद्द झाली की अर्धी ट्रिप गेली.

बोट. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, सरकारी फेरी आहे आणि खाजगी कॅटामरान, म्हणजे जलद बोटी, आहेत. खाजगीला साधारण तास-दीड तास, सरकारीला जास्त वेळ, पण ती स्वस्त आणि तिच्यात डेकवर उभं राहता येतं. तिकिटावर नील ऐवजी शहीद द्वीप आणि शेजारच्या हॅवलॉक बेटाऐवजी स्वराज द्वीप लिहिलेलं असेल, 2018 पासून ती नावं आहेत, बुक करताना दोघांची अदलाबदल करू नका. सीझनमध्ये आधीच काढून ठेवा. बोटीची वेळ निवडताना, हो, परत तेच, टेबल समोर ठेवा. ओहोटी सकाळी नऊला असेल आणि तुमची बोट अकराला नीलला लागत असेल तर त्या दिवसाचा ब्रिज गेला, मग दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याच्यासाठी मोकळी ठेवा आणि त्या दिवशी सकाळची परतीची बोट घेऊच नका. दोन रात्री म्हणतेय ते याचसाठी. काही लोक हॅवलॉकहून परत येताना नीलला दोन-तीन तास टेकतात, त्यांना नशिबावर सोडून द्यावं लागतं.

ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरला विचारून गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, लाटा लागल्यावर घेऊन काही होत नाही. बंद एसी बोटीत मागच्या बाजूला आणि मधल्या रांगेत बसा. पोट अगदी रिकामं नको, अगदी भरलेलं पण नको.

ओळखपत्र मूळ, सगळ्यांचं, पोरांचं पण. जेट्टीवर बघतात. भारतीयांना नील-हॅवलॉकला वेगळं परमिट लागत नाही.

पायात काय घालायचं हे मात्र ओहोटीच्या खालोखाल महत्त्वाचं. चप्पल नको. फ्लोटर्स चालतील, पण मागे पट्टा आणि खाली पकड असलेले, नाहीतर सरळ जुने बूट न्या आणि भिजू द्या. प्रवाळाचे खडक वरून शेवाळलेले आणि कडा ब्लेडसारख्या, घसरलं की तळहात फाटतात. आई-बाबांना नेत असाल तर त्यांना खडकांवर शेवटपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नका, सुरुवातीचे दोन-चार खळगे बघितले तरी खूप दिसतं. एकाने हात रिकामे ठेवून त्यांच्या बरोबर चालायचं, मोबाइल खिशात. गाईड घ्या, पैसे आधी ठरवा, आणि त्याने समुद्रकाकडी उचलून तुमच्या हातावर ठेवायला घेतली तर नको म्हणा. मुलांनाही आधीच सांगून ठेवा, बघायचं, हात लावायचा नाही.

पैसे रोख न्या. एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत, नारळपाणीवाल्या काकांना काय स्क्रीनशॉट दाखवणार. शंभर-दोनशेच्या नोटा. नेटवर्क कधी असतं कधी नसतं, म्हणून हॉटेलचं बुकिंग, बोटीची तिकिटं आणि त्या दिवसांचं भरती-ओहोटीचं टेबल, या तिन्हींचे फोटो मोबाइलमध्ये सेव्ह करा, आणि टेबल एका कागदावरही लिहून पाकिटात ठेवा. अॅप तिथे उघडेलच याच्या भरवशावर राहू नका.

औषधं : नेहमीची पूर्ण कोर्सभर, शिवाय ओआरएस, जखमेवरचं मलम, बँडेज. बेटावर प्राथमिक सोय आहे, मोठं काही झालं तर परत बोटीनेच जायचं. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, तेव्हा नाही कळत, रात्री खाज सुटते आणि खाजवलं की पिकतं. क्रीम लावा, वाळूवर थेट पसरून बसू नका. उन्हासाठी सनस्क्रीनच्या थरांपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट बरा, पाठ भाजत नाही आणि ते क्रीम प्रवाळात उतरत नाही.

फिरायला स्कूटी किंवा सायकल. बेट छोटं आहे, रस्ते सपाट, दोन्ही बाजूंना सुपारी, केळी, भाजीचे मळे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांनी वसवलेली गावं आहेत ही, त्यामुळे जेवण बंगाली वळणाचं, मासे-भात छान मिळतो. शाकाहारी लोकांचं अडत नाही, भाजी तिथेच पिकते. सूर्योदयाला सीतापूरचा किनारा, पण पाचच्या आधी उठावं लागेल, आणि तिथे लाटा जोरात असतात, पोहू नका. सूर्यास्ताला लक्ष्मणपूर एक. खाडीच्या तोंडाशी किंवा खारफुटीत मगरीची पाटी दिसली तर ती शोभेची नाहीये, अंदमानात खाऱ्या पाण्याच्या मगरी आहेत.

डायव्हिंग करणार असाल तर त्यानंतर निदान अठरा तास विमान नको. त्यामुळे ते पहिल्या दिवशी.

कपडे, टॉवेल, चार्जर, पॉवर बँक, टॉर्च. मोबाइलचं वॉटरप्रूफ पाऊच घरीच बादलीत बुडवून बघा. पाण्याची बाटली घरची न्या. बस्स.

शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, काही उचलून आणायचं नाही, वाळूत पडलेला असला तरी. वन्यजीव कायद्यात येतं आणि एअरपोर्टला बॅगा तपासतात. पोरांचे खिसे हॉटेल सोडायच्या आधी रिकामे करा.

परतीचं विमान बोटीच्याच दिवशी ठेवू नका, एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. समुद्र खवळला तर ती रात्र वाचवते, नाही खवळला तर सेल्युलर जेल नीट बघून होतं. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी त्या कोठडीपाशी बराच वेळ थांबतात, त्यांना घाई करू नका. जेलमधल्या संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोची तिकिटं आधी काढा, आयत्या वेळी मिळत नाहीत.