जुना नवाहो रग घेताय? आधी कडा बघा, डिझाईन नंतर

ॲरिझोना, न्यू मेक्सिको साईडला राहणारे किंवा ग्रँड कॅन्यन फिरून येणारे आपले लोक नेहमी विचारतात, की अँटीक शॉपमध्ये नवाहो रग (तिथल्या नवाहो या मूळनिवासी लोकांनी हाताने विणलेला लोकरी गालिचा) दिसलाय, खरा असेल का? बहुतेक जण नक्षी बघूनच खूश होतात आणि तिथेच गंडतात, कारण नक्षी कोणीही उचलू शकतं. मेक्सिकोत ओआहाकाचे झापोटेक विणकर तसलंच डिझाईन काढतात, आपल्या भारतातून पण 'नवाहो स्टाईल' दऱ्या तिकडे जातात. वाईट नसतात त्या, फक्त किंमत नवाहोची लावली की घोळ होतो.

तर आधी रग उलटा करा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच दिसायला हव्यात, आणि मग कडा नीट बघा. नवाहो उभ्या मागावर विणतात, ताण्याचा म्हणजे उभा धागा एकच सलग वरखाली फिरवलेला असतो आणि तो कापतच नाहीत, त्यामुळे वरच्या-खालच्या कडेला धागा वळून परत आत जातो आणि कडेने पिळलेली दोरी असते, कोपऱ्यावर छोटे गोंडे, तेही जुन्या रगचे झिजलेले असतात. झालर दिसली किंवा कापलेली टोकं गाठ मारून आत खुपसलेली दिसली तर सावध व्हा. आता यालाही अपवाद आहेच, जर्मनटाऊन म्हणजे पेन्सिल्व्हेनियाहून आलेल्या गिरणीच्या लोकरीचे 19 व्या शतकाच्या शेवटचे काही पीस असतात त्यांना झालर मागाहून लावलेली असते, आणि त्यांचा ताणा सुती पण निघतो. एरवी ताणा लोकरीचा. तो दिसायला बाणा म्हणजे आडवा धागा बोटाने हलकेच बाजूला करून बघा, जोर लावू नका.

दुसरी खूण म्हणजे लेझी लाइन्स. एकाच रंगाच्या मोठ्या भागात पुसट तिरक्या रेषा दिसतात, कारण विणणारी बाई एका जागी बसून हाताला येईल तेवढा तुकडा भरते आणि मग सरकते. प्रत्येक रगमध्ये नसतात, पण असल्या तर छानच. काठाच्या रगमध्ये एका कोपऱ्याजवळ काठ छेदून बाहेर जाणारी बारीक रेघ असते, तिला स्पिरिट लाइन म्हणतात, ती नाही म्हणून रग खोटा असं मात्र ठरवू नका.

मग गाव, म्हणजे नक्षी नवाहो भागातल्या कुठल्या गावची ते. लाल, काळा, करडा, पांढरा आणि मधे मोठा डायमंड असेल तर गनाडो, तिथे जॉन लोरेन्झो हबेल या व्यापाऱ्याचं ट्रेडिंग पोस्ट म्हणजे व्यापाराचं दुकान होतं, तो जुन्या नक्ष्यांची छोटी पेंटिंग्ज चित्रकारांकडून करून घेऊन भिंतीवर लावायचा म्हणजे विणणाऱ्या बायकांना दाखवता येतील. पोस्ट अजून चालू आहे, जमलं तर नक्की जा, शंभर फोटो बघण्यापेक्षा तिथे नजर लवकर बसते. रंग न लावता मेंढीच्याच तपकिरी-करड्या-पांढऱ्या लोकरीत बारीक विणलेला असेल तर टू ग्रे हिल्स. काठ भरगच्च, इराणी गालिचाची आठवण करून देणारा, तर टीस नॉस पॉस. काठ नाही, आडवे पट्टे आणि झाडपाल्याचे फिके रंग असतील तर वाइड रुइन्स. क्रिस्टल गावच्या जे. बी. मूर या व्यापाऱ्याने तर 1903 आणि 1911 ला कॅटलॉग छापून पोस्टाने रग विकले, म्हणजे ज्याला आपण त्या त्या भागाची परंपरा म्हणतो त्यात व्यापाऱ्याचा हात बराच आहे. आणि पुढे कोणत्याही गावची बाई कोणतीही नक्षी विणायला लागली, तेव्हा दुकानदार 'गनाडो' म्हणाला तर नक्षी गनाडोची एवढंच धरा.

वयाचा अंदाज: पातळ, अंगावर घ्यायचं ब्लँकेट साधारण रेल्वे यायच्या म्हणजे 1880 च्या आधीचं, जाड, जमिनीवर टाकायचा, काठ असलेला रग त्यानंतरचा. नुसतं मळकं दिसतंय म्हणून जुनं धरू नका.

घेतल्यावर घरी धुवायचा नाही, लाल रंग पांढऱ्यात उतरला की संपलं. झटकायचा, बडवायचा पण नाही, व्हॅक्यूमचा ब्रश बंद करून हळू ओढा. ठेवताना घडी नको, गुंडाळा. टांगायचा असेल तर खिळे-क्लिपा नकोत, वरच्या कडेला सुती पट्टी हाताने शिवून त्यावर वेल्क्रो, आणि ऊन येणारी भिंत सोडून.