साडीवर ब्लाउजपीस मॅच करताना या चुका टाळा

"काल रात्री तर एकदम मॅच होतं की हो!" लग्नसराईत हे वाक्य माझ्या काउंटरवर सारखं ऐकू येतं. परवा एक ताई मोरपंखी साडी घेऊन आल्या. तिच्यावर घेतलेला टू बाय टूचा (सुती ब्लाउजच्या कापडाचा) पीस पिवळ्या दिव्यात साडीत मिसळून गेला होता. सकाळी अंगणात धरला तर साडी निळ्याकडे झुकलेली, पीस सरळ हिरवा. तोवर ब्लाउज बेतून झालं होतं. बाई रडकुंडीला आल्या होत्या.

कापडाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग रंग शोषून घेतो, उरलेला परत येतो आणि तेवढाच आपल्याला दिसतो. २७०० ते ३००० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर दिव्यात निळा भाग मुळातच कमी. म्हणून त्यात चिंतामणी निळा, जांभळा काळपट दिसतात आणि शेंदरी, हळदी उठून दिसतात.

सगळ्यात जास्त फसवते ती ही चूक: एका दिव्याखाली जुळलं म्हणजे जुळलंच, असं धरून चालणं. सिल्कच्या साडीचा डाय वेगळा, सुती पिसाचा वेगळा. एका उजेडात दोघांकडून येणारी गोळाबेरीज सारखी भरते, म्हणून रंग एक दिसतो. उजेड बदलला की दोघं वेगवेगळा भाग शोषतात आणि फरक उघडा पडतो. शास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. तेव्हा साडी आणि पीस एकमेकांवर ठेवून दुकानातल्या दिव्यात बघा, मग दिवसाच्या उजेडात बघा. अस्तर आणि दोऱ्याचं रीळही त्याच वेळी बघून घ्या. रीळ तर नेहमी राहूनच जातं.

"दारात जाऊन बघा" हे मीही सांगते, पण दारातला उजेडही तपासावा लागतो. पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडला दुकानापुढे निळी ताडपत्री बांधलेली असते. तिच्यातून गाळून येणारा उजेड निळसर, त्यात लिंबू कलर मळकट हिरवा दिसतो. चार पावलं बाहेर या, आणि छत्री धरायची तर काळी धरा. लाल छत्रीखाली पांढरा पीसही गुलाबी होतो.

संध्याकाळचं ऊनही असंच. किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून थेट अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात, तेव्हाचा तो तांबूस उजेड आठवा. सूर्य खाली गेला की उजेडाला हवेतून लांबचा पल्ला पडतो, वाटेत निळा भाग विखुरतो आणि तांबूस उरतो. त्या वेळी मोतिया आणि पांढरा यांतला फरक सांगणं मलाही जमत नाही. दुपारी, थेट उन्हात नव्हे तर मोकळ्या सावलीत बघा.

पांढऱ्याची आणखी एक गंमत आहे. नव्या पांढऱ्या कापडात बहुतेक वेळा टिनोपॉलसारखा उजळवणारा पदार्थ असतो. तो उन्हातली अतिनील किरणं घेऊन निळसर चमक देतो. एलईडीत ती किरणं जवळपास नसतात, त्यामुळे दुकानात जुळलेला पांढरा पीस बाहेर साडीपेक्षा निळसर दिसतो.

तासभर पिवळ्या दिव्यात बसलं की डोळ्यांना तोच उजेड पांढरा वाटायला लागतो. निर्णय घेण्याआधी दोन-तीन मिनिटं बाहेर उभं राहा. मोबाइलवरच्या फोटोवरून तर पीस घेऊच नका. कॅमेरा आपल्या हिशोबाने रंग बदलतो. फोटो पाठवावाच लागला तर शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. दुकानासाठी दिवे घेणाऱ्यांनी नुसता जास्त वॅटचा दिवा घेऊन भागत नाही, खोक्यावर सीआरआय (त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त आहे का ते बघावं. कमी प्रतीच्या एलईडीत गडद लाल भाग तोकडा असतो, त्यात डाळिंबी विटकरी दिसतो.

ब्लाउज शिवून झालं आणि मग फरक कळला तर घाबरू नका. आधी कार्यक्रम कुठल्या उजेडात आहे ते विचारा. रात्रीचं रिसेप्शन असेल तर हॉलमधल्यासारख्या दिव्यात साडी-ब्लाउज घालून आरशात बघा. पुष्कळदा तिथे जुळतं. स्टेजवर निळे फोकस असतील तर पिवळी साडी काळपटच दिसणार, फोटोपुरते पांढरे दिवे लावायला डेकोरेशनवाल्याला आधीच सांगा. दिवसाचं लग्न असेल तर बाहीला आणि गळ्याला साडीच्याच काठाची पट्टी लावून घ्या. दोन रंग थेट शेजारी येत नाहीत, मधे काठ येतो, आणि त्या मोरपंखी साडीवर आम्ही तेच केलं.