फणसाडची पिशवी भरताना

बघायच्या प्राण्यांच्या यादीतून आधी बिबट्या खोडा. फणसाडच्या अभयारण्यात तो आहे, पण दोन दिवसांत हमखास दाखवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. शेकरू, भेकर नावाचं छोटं हरण, नशिबात असेल तर धनेश पक्ष्याची जोडी, एवढंच मनात धरून निघालात तर परतताना तोंड लांब होणार नाही.

मुरूड, रोहा, अलिबाग तालुक्यांत पसरलेलं हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीसाठी राखलेलं; १९८६ साली अभयारण्य झालं. सुपेगावला मुक्काम आणि वाटाड्या आधी फोन करून पक्का करा. सुट्टे पैसे जवळ हवेतच, रेंजचा भरवसा नाही.

महिना ठरवताना पाणी बघा. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात, जसं चिखलगाण. मार्च उजाडला की ओढे आटत जातात आणि जिथे पाणी उरतं तिथे सगळ्यांना यावंच लागतं. वनखातं बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेतं ते उगाच नाही: पाणी मोजकं, चांदणं लख्ख. उन्हाळ्यात जाणार असाल तर फिरण्याची हौस आवरा आणि पाण्यापासून लांब, आडोशाला तासभर गप बसायची तयारी ठेवा. बसायला जाडसर सतरंजीचा तुकडा न्या. चटईची करकर होते.

कपडे मातकट, पूर्ण बाह्यांचे. हे खाजकुयलीसाठी सांगतोय. हिवाळा सरताना तिच्या वाळक्या शेंगांची लव वाऱ्यावर उडते. मी एकदा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो आणि अख्खी सकाळ शेकरू सोडून स्वतःचेच हात न्याहाळत बसलो. अत्तर, डिओ घरीच ठेवा. बूट घोट्याच्या वर येणारे, आणि सकाळी झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, आत विंचू असू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, ते महाड याच रायगड जिल्ह्यातलं.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची बरी. दहापट मोठं दाखवणारी हातात जास्त थरथरते, आणि तेवढ्याच भिंगाची असेल तर दाट सावलीत चित्रही अंधारं दिसतं. नसेल तर कान आहेतच. वरच्या फांद्यांतून खडखडल्यासारखा आवाज आला की शेकरू शोधा; कुत्रं भुंकल्यासारखं वाटलं आणि आसपास वस्ती नसेल तर ते भेकर. वानरं एकाच दिशेला तोंड करून खाकरायला लागली की जागच्या जागी थांबा. तुम्ही खोडलेलं नाव तिकडे असू शकतं.

खाणं झाकणाच्या डब्यात. वानरांना एक चकली दिलीत तर पुढच्या माणसाची पिशवी गेली म्हणून समजा.

उरलेल्या दिवशी रेवदंड्याच्या खाडीवर जायचं असेल तर कालनिर्णय उघडून तिथी बघा. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराला ओहोटी. चिखल उघडा पडायला लागतो तेव्हा, साधारण नऊ-दहाला, चिखले आणि तुतवार हे पक्षी भक्ष्य टिपायला उतरतात. टोपी तेव्हा लागेल, जंगलात नाही.