डिझास्टर मॅनेजमेंटला येताय? आधी माझे ८४ फॉर्म कसे वाया गेले ते वाचा

मे-जून आला की मला मेसेज यायला लागतात, ताई डिझास्टर मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करू का, स्कोप आहे का. स्कोप ह्या शब्दावर माझा राग आहे पण त्यावर नंतर येते. मी २०२० ते २०२२ ह्या बॅचची, बीएस्सी भूगोल, बारावीपर्यंत मराठी मीडियम, गाव सांगली जिल्ह्यात. कॉलेजचं नाव सांगत नाही कारण पुढे थोडं रडगाणं आहे.

ॲडमिशनचं सगळ्यांना माहीत असतंच. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमए/एमएस्सी आहे, त्याची एन्ट्रन्स आता सीयूईटी-पीजी ह्या देशपातळीवरच्या परीक्षेतून होते, आयआयटी रुरकीला ह्या विषयाचं वेगळं सेंटर आहे, बाहेर जायचं असेल तर बँकॉकचं एआयटी (एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आहे. वेबसाइट बघा, कट-ऑफ मला विचारू नका.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी डोक्यातून काढा. हा विषय म्हणजे यूपीएससीच्या जीएस-३ (सामान्य अध्ययनाचा तिसरा पेपर) मधलं ते पन्नास पानांचं प्रकरण नाही. माझ्या वर्गात निम्मी पोरं त्या नोट्स पाठ करून आलेली. एनडीएमए, एसडीएमए (देशाचं आणि राज्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण), २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर, आपत्तीचा धोका कमी करायचे आंतरराष्ट्रीय आराखडे म्हणजे ह्योगो नंतर सेंदाई, सेंदाई २०१५ ते २०३०, सगळं घडाघडा. आणि पहिल्या असाइनमेंटला सगळी आपटली, कारण प्रश्न होता लातूरकडच्या किल्लारीत एवढी माणसं का मेली आणि सगळ्यांनी उत्तर लिहिलं भूकंप झाला म्हणून. अहो भूकंप तर झालाच. पण ६.२ च्या आसपासचा भूकंप, जगात कितीतरी ठिकाणी एवढ्या धक्क्यात मोजकी माणसं दगावतात, आणि इथे साधारण दहा हजार? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले, घरं जाड दगडमातीच्या भिंतींची, वर माळवदाचं ओझं, आणि तो भाग तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये, म्हणजे काळजी करायचं कुणाला कारणच नव्हतं. हझार्ड म्हणजे धक्का एका बाजूला, व्हल्नरेबिलिटी म्हणजे आपला कच्चेपणा दुसऱ्या बाजूला, मध्ये चिरडला जातो तो माणूस. हे एकदा डोक्यात बसलं की पहिलं सेमिस्टर निघतं, खरंच निघतं, घाबरू नका.

इंग्रजीचंही घाबरू नका. मी पहिले तीन महिने एकेक पेपर चार-चारदा वाचायचे आणि हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडायचे. पुढे कळलं की फाडफाड बोलणाऱ्यांनी पण फक्त ॲबस्ट्रॅक्टच वाचलेला असतो.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसले. डेझर्टेशन, म्हणजे शेवटचा प्रबंध.

माझा विषय होता कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या एका गावात (नाव नको) २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुठल्या घरात किती दिवस पाणी राहिलं आणि त्याचा घर सावरायला लागलेल्या वेळाशी काय संबंध. दिसायला साधा. वर्गातले बाकीचे अलमट्टीवर, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणावर करणार होते, अलमट्टीमुळे पूर येतो का वगैरे. त्यांना आत्ताच सांगते, दोन राज्यांचा विसर्गाचा डेटा आणि हायड्रॉलॉजी सहा महिन्यांत तुमच्याच्याने होणार नाही, सोडा तो नाद. माझं त्यामानाने बरं होतं, गाव ओळखीचं, भाषा आपली, मावशीचं घर तिथून पाच किलोमीटर. मला वाटलं दहा दिवसांत काम फत्ते.

मी काय केलं, तर एका सीनियरचा फॉर्म घेतला. तयार, छापलेला, ३२ प्रश्न. कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, घर कच्चं की पक्कं, पाणी किती दिवस होतं, नुकसान किती रुपयांचं, मदत मिळाली का. गाईडना मेल केला, त्यांचा दोन मिनिटांत रिप्लाय, 'लुक्स गुड'. (दोन मिनिटांत ३२ प्रश्न वाचून होत नाहीत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. गाईड निवडताना त्यांचे पेपर किती ते विचारू नका, शेवटचं गावात कधी जाऊन राहिलात ते विचारा. उद्धट वाटेल, वाटू दे.) आणि गावात ओळख करून द्यायला कुणीतरी हवं म्हणून ग्रामसेवकांच्या गाडीवर मागे बसून गेले. गळ्यात कॉलेजचं आयकार्ड, हातात पॅड, पॅडला लावलेले फॉर्म, मागे अंगठ्याचं स्टॅम्प पॅड, कारण संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा होता.

ह्या चित्रात काय चुकलंय ते पूरग्रस्त भागातला कुणीही शेंबडं पोर सांगेल. मला नाही कळलं, आणि मी स्वतः त्या पट्ट्यातली!

नऊ दिवसांत ८४ फॉर्म भरले. लोक इतके प्रेमाने बोलायचे, चहा, भडंग, बस की बाळ, लिव की. एक काकी तर शेजारच्या चार घरांतली माणसं बोलावून आणायच्या, मॅडम आल्यात, नाव द्या. मी खुश, म्हटलं काय रिस्पॉन्स आहे!

हॉस्टेलला येऊन एक्सेलमध्ये भरायला बसले. गावाला उतार आहे, नदीकडची गल्ली खाली आणि रस्त्याकडची वस्ती वर. खालच्या गल्लीत २०१९ ला आठवडाभरावर पाणी होतं, ते जुळत होतं. वरच्या वस्तीत मात्र ३१ घरं आणि त्यातल्या २९ जणांचं उत्तर 'तीन दिवस'. एक दिवस म्हणणारं कुणी नाही, दोन दिवस म्हणणारं कुणी नाही, एकदम तीन. पाणी काय हप्त्याने उतरतं का? आणि त्यातलं एक घर मला चांगलं आठवत होतं, पाच पायऱ्या चढून ओटा होता, तिथे मी धापा टाकत बसलेले. त्या घरात तीन दिवस पाणी आणि समोरच्या, रस्त्याच्या लेव्हलच्या घरात पण तीनच दिवस. असं कसं होईल!

दोन दिवस डोकं धरून बसले. मग बाबांना फोन केला, ते पाच मिनिटांत म्हणाले, "अगं, दोन दिवसांची अट."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शासन निर्णय आला होता, फुकट धान्य मिळायला क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असायला हवं. त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, मीसुद्धा तेव्हा स्टेटस ठेवलेलं. तो कागद सगळे विसरले असतील, पण त्या पट्ट्यातल्या माणसाच्या डोक्यात आकडा पक्का बसला, दोन दिवस म्हणजे काही नाही, तीन दिवस म्हणजे यादीत नाव. आणि मी कोण? ग्रामसेवकाच्या गाडीवरून आलेली, पॅडवर नाव लिहिणारी, नुकसान किती रुपये विचारणारी आणि शेवटी अंगठा घेणारी पोरगी. मी अभ्यासाला गेलेच नव्हते हो, मी पंचनामा करत फिरत होते! मी पहिल्याच वाक्यात सांगायचे की मी विद्यार्थिनी आहे, सरकारी नाही, मदतीशी संबंध नाही, आणि लोक मान डोलवायचे. तोंडाने सांगितलेलं एक वाक्य आणि डोळ्याला दिसणारा पॅड ह्यात माणूस पॅडवरच विश्वास ठेवणार.

इथे कुणी म्हणू नका की लोक खोटं बोलतात. २०१९ ला तलाठी आला तेव्हा घराला कुलूप होतं, माणसं पाहुण्यांकडे गेलेली, म्हणून नाव राहिलं, अशी माणसं मला नंतर भेटली. एकदा नाव राहिलेला माणूस पुढच्या प्रत्येक कागदावर नाव लावणारच, मीही लावलं असतं. चूक त्यांची नाही, माझ्या फॉर्मची होती. त्यात नुकसानीच्या रुपयांचा प्रश्न होता, जो मला लागतच नव्हता! सीनियरला लागत होता, मला नाही. तयार फॉर्म घेऊ नका, घेऊ नका, घेऊ नका. तीनदा लिहिलंय, तरी तुम्ही घेणारच.

८४ फॉर्म बाजूला ठेवले. गाईडना सांगितलं तर म्हणाले, लिमिटेशनमध्ये (अभ्यासाच्या मर्यादा लिहितात तिथे) दोन ओळी टाक आणि पुढे जा. हा दुसरा सापळा, आणि खरं सांगू, मी जवळजवळ गेलेच होते त्यात. दोन ओळी टाकून डिग्री मिळते, बऱ्याच जणांना मिळते. पण माझा मुख्य आकडाच खोटा, त्यावर रिग्रेशन (दोन गोष्टींचा संबंध मोजायचं गणित) चालवून मी काय सिद्ध करणार.

जानेवारीत परत गेले, मावशीकडे राहिले, एसटीने. ह्यावेळी गावच्या आशाताईंबरोबर (आरोग्याचं काम करणाऱ्या आशा वर्कर), पॅड नाही, खिशात छोटी वही आणि एक मोजपट्टी. आणि 'किती दिवस' हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी सण विचारले. २०१९ ला नागपंचमी ५ ऑगस्टला होती, बकरी ईद १२ ला आणि राखीपौर्णिमा बरोबर १५ ऑगस्टलाच. मग नागपंचमीला पाणी कुठं होतं, राखी कुणाच्या घरी बांधली, ईदेला चूल कुठं पेटली. २०२१ साठी आषाढी २० जुलै, ईद २१ जुलै. माणसाला दिवसांचा आकडा आठवत नाही, पण भाऊ छावणीत राखी बांधून घ्यायला आला ते बरोबर आठवतं. जनावरं कधी हलवली, लाईट कधी आली, चिखल काढायला कोण कोण आलं. आणि भिंतीवरची मळकट रेघ स्वतः मोजायची, उंबऱ्यापासून किती इंच. दोन आकडे एकमेकांशी भांडले की परत चहाला जायचं. ११ दिवसांत ५२ घरं झाली, वरच्या वस्तीत बहुतेक ठिकाणी पाणी एक रात्र, काही ठिकाणी फक्त अंगणात. पाच पायऱ्यांच्या घरात पाणी शिरलंच नव्हतं. त्या आजी हसायला लागल्या, "मग काय सांगायचं हुतं बाळ, तू एवढ्या लांबनं आल्तीस."

अजून एक त्या सहा महिन्यांतलं. परीक्षेला आम्ही स्फिअरची, म्हणजे मदतकार्याची जगभर वापरतात ती किमान मानकं पाठ केलेली, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर, दिवसाला १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास. वीस बाय वीस फुटांच्या वर्गखोलीत ह्या हिशोबाने दहा माणसं बसतात. २०२१ च्या जुलैत मी स्वतः पोळ्या लाटायला गेले होते त्या शाळेत तशाच एका खोलीत तीसवर माणसं होती, त्यात एक आठ दिवसांची बाळंतीण. मानकं चुकीची नाहीत, पण ती पाठ करून फील्डवर गेलात तर पहिले दोन दिवस फक्त राग येतो. रागाचं काही करायचं नाही, लिहून ठेवायचं. आणि दरडीच्या गावात, म्हणजे माळीण, तळीये, इर्शाळवाडी असल्या ठिकाणी काम करणार असाल तर आधी कुणाशी तरी बोलायची सोय करून ठेवा. माझी मैत्रीण दरडीच्या एका गावातून आल्यावर महिनाभर लाईट लावून झोपायची. त्यात कमीपणा काही नाही, आता ती मजेत आहे.

सॉफ्टवेअर म्हणाल तर नकाशांचं क्यूजीआयएस शिका, फुकट आहे, इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा आणि युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचा डेटाही फुकट. पण रंगीत नकाशा काढला म्हणजे अभ्यास झाला असं नाही. २०११ च्या जनगणनेवर धोक्याचा इंडेक्स बांधून, कुठल्या घटकाला किती वजन ते वेटेज मनानेच देऊन लाल-पिवळा-हिरवा नकाशा काढणारे शंभर भेटतील, व्हायवात (तोंडी परीक्षेत) फक्त एवढंच विचारतात, वेटेज कुणी ठरवलं, आणि तिथेच बोबडी वळते. सर्टिफिकेट कोर्सेसच्या मागे धावणारे पण बघितलेत, १४ सर्टिफिकेटं आणि एकदाही आपल्या तालुक्याच्या तहसील कचेरीच्या कंट्रोल रूममध्ये पाऊल नाही.

आता तो स्कोप. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याची पोस्ट आपल्याकडे बहुतेक कंत्राटी असते, एनजीओत प्रोजेक्ट संपला की पगार संपला, इन्शुरन्स आणि कन्सल्टन्सीवाले घेतात पण त्यांना आकडेमोड पक्की लागते. घरच्यांना कायम सरकारी नोकरी हवी असेल तर ह्यात येऊ नका, स्पष्ट सांगते. मला पास झाल्यावर सात महिने काम नव्हतं. आठव्या महिन्यात मिळालं, आणि मुलाखतीत तासभर फक्त त्या ८४ फॉर्मवरच बोलणं झालं, तेव्हा अगदीच हातपाय गाळू नका.

डेझर्टेशन सबमिट केल्यावर मी परत त्या गावात गेले, निकाल दाखवायला. कुणी सांगितलं नव्हतं, पण ५२ घरांचा चहा प्यायलेला. ग्रामपंचायतीत नकाशा भिंतीला लावला, निळ्या रंगात पाणी कुठवर आलं ते. मी जरा भाव खात सांगितलं की बघा, गावच्या आराखड्यात निवारा म्हणून जी शाळा दिलीय तीच निळ्यात येते, दोन्ही वर्षी तिथे पाणी होतं. सगळे शांत. मग मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "पोरी, ते आमास्नी २००५ च्या पुरापासनं ठावं हाय. म्हणून तर आमी तितं जात न्हाई."