पॅरोलच्या आदेशातील न पेलणारी अट बदलून घेण्यासाठी

पॅरोल, म्हणजे कैद्याला ठरावीक दिवस तुरुंगाबाहेर राहण्याची रजा, मंजूर होऊनही मोठ्या रकमेचा जामीनदार किंवा दूरच्या पोलीस ठाण्यात रोजची हजेरी अशा अटीमुळे गरीब कैदी तुरुंगातच अडकून राहतो. अशा वेळी नातेवाइकांनी तोंडी विनवण्यांत दिवस न घालवता लेखी अर्ज करावा.

१. आदेशाची प्रत मिळवून अडणारी अट जशीच्या तशी अर्जात उतरवावी.

२. ती का पाळता येत नाही हे उत्पन्नाच्या दाखल्यासह लिहावे आणि तिच्याऐवजी वैयक्तिक जातमुचलका (जामीनदाराशिवाय स्वतःच लिहून दिलेली हमी) किंवा आठवड्यातून एकदा हजेरी असा पर्याय सुचवावा, कारण पर्याय दिलेला अर्ज नुसत्या तक्रारीपेक्षा अधिक विचारात घेतला जातो, असे मला वाटते. मोती राम प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने गरिबाकडून अवाजवी रकमेचा जामीन मागणे आणि परजिल्ह्यातील म्हणून जामीनदार नाकारणे चुकीचे ठरवले, तर जुलै २०२४ मध्ये पोलिसांना सतत ठावठिकाणा कळवत ठेवणारी अट राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवली. हे निकाल जामिनाविषयीचे असले, तरी त्यांतील तत्त्व येथे आग्रहाने मांडता येते.

३. अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवून पोच जपून ठेवावी.

४. नकार मिळाल्यास अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. कोठडीतील व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागण्याचा हक्क आहे.

मात्र बदलाचा लेखी आदेश हाती येईपर्यंत मूळ अट मोडू नये आणि परतण्याची तारीख कोणत्याही कारणाने चुकवू नये, कारण तसे केल्यास पुढील रजा नाकारली जाऊ शकते.