विहिरीचं पाणी खारावतंय का, ते मोजण्याची रीत

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मोजा. पावसाळ्यात बहुतेक विहिरी गोडच लागतात. कंडक्टिव्हिटी मीटर वापरा, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणारं यंत्र; क्षार जास्त तितका आकडा मोठा.

आधी कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर बरोबर आकडा दाखवतो का ते माहीत द्रावणात तपासणं. 0.7456 ग्रॅम कोरडं पोटॅशियम क्लोराइड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बरोबर 1 लिटर करा. 25 अंश सेल्सिअसला मीटरवर 1413 मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी (हे वीज वाहण्याचं एकक) दिसायला हवेत. इतका नाजूक वजनकाटा नसेल तर तयार द्रावण आणा. अंदाजपंचे कालवू नका.

खरी गफलत नमुन्यात होते. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. कळशीत येतं वरचं. शिवाय पंप चालला की सगळं ढवळतं, म्हणून रात्रभर पंप बंद ठेवून पहाटे नमुना घ्या. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी. बाटली खोल गेल्यावर बूच ओढा. एक नमुना वरचा, एक तळाचा.

इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरचं पाण्यात बुडवायचं टोक, त्याच नमुन्याच्या पाण्याने दोनदा विसळा, हलवून बुडबुडे घालवा. बुडबुडा राहिला तर आकडा कमी येतो. मीटर तापमान जुळवून घेत नसेल तर 25 अंशांपासून दर अंशाला सुमारे 2 टक्के फरक धरा. भरती-ओहोटीची वेळ वहीत लिहाच.

मीटरच्या आकड्याला साधारण 0.65 ने गुणलं की क्षार मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मिळतात. पिण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा 500, दुसरा स्रोत नसेल तर 2000.

तळाचा आकडा चढत असेल तर उपसा लगेच कमी करा. समुद्रसपाटीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल, तर त्या सपाटीखाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी तरतं; म्हणून उपशाने वरची पातळी थोडी घटली तरी खालचं खारं पाणी बरंच वर येऊ शकतं.